हा फोन कुणी आणला?

परत आलेल्या मिक्सरच्या खोक्यातून एकदा दोन नारळ निघाले. सोललेले, शेंडी राखलेले, आणि वजनाला मिक्सरच्या जवळपास. गिऱ्हाइकाने परतीचं कारण लिहिलं होतं, 'आवाज फार करतो'. आमच्या हिराने दोन्ही नारळ कानाशी धरून हलवले, फोनमध्ये नोंद केली, "मिक्सर न्हाय. नारल चांगले हायेत," आणि पुढचं खोकं ओढलं. नियमाप्रमाणे नारळांना चिठ्ठी चिकटली, ते रॅकवर चढले आणि वास सुटेपर्यंत कंपनीची मालमत्ता म्हणून तिथेच राहिले. फोडून वाटून टाकू म्हणणाऱ्यांना मीच अडवलं होतं.

तुम्ही काय काम करत होता, असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते, कारण खरं उत्तर दिलं की माणसं घड्याळ बघायला लागतात. आई मात्र आमच्या अंजूर गावच्या बायकांना अभिमानाने सांगायची, "आमची शैला फोनांना एकमेकांशी बोलायला शिकवते." त्यावर शेजारीण म्हणाली होती, "आमचे तर आपले आपनच बोलतात. रिचार्ज मारला का झाला." आता या अंकाच्या संपादकांनी 'कामाविषयी लिहा, पण समजेल असं लिहा' असा निरोप धाडला आहे. पहिली अट सोपी आहे.

भिवंडीजवळ वडप्याला नाशिक रस्त्यालगत गोडाऊनांची जी रांग आहे, तिच्यात एक गोडाऊन परतीच्या मालाचं. लोक फोनवर बोट टेकवून साडी मागवतात, नेसून बघतात, काही जणी नेसून लग्नाला जाऊन येतात, आणि मग रंग पसंत नाही म्हणून परत धाडतात. तो सगळा माल आमच्याकडे यायचा. आलेली वस्तू पाठवलेलीच आहे का, नवी आहे का, फाटली-डागाळली आहे का, हे ठरवायचं म्हणजे चेकिंग. हे काम हिराची टोळी करायची. हिरा म्हणजे अंजूरच्या शाळेत माझ्याच बाकावर बसणारी. मी पुढे कंप्युटर शिकले, ती टोळीची मुकादम झाली. तिच्या माहेरचं भात जिथे व्हायचं तिथे आता कुणाचे तरी फ्रिज उभे आहेत. ती म्हणायची, "जमीन गोडाऊननी घेतली ना, मंग पगार बी गोडाऊनच देल."

ठेका होता रफीकशेठचा. त्यांच्या वडिलांचा भिवंडीत लूमचा कारखाना होता. लूम बंद पडले तेव्हा शेठ गोडाऊनच्या धंद्यात आले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठचं, मराठी आमच्याइतकंच पक्कं, पण चिडले की हिंदीत चिडायचे. मी त्यांच्याकडे आले तेव्हा ते बऱ्याचदा हिंदीतच असायचे.

कारण असं, की प्रत्येक वस्तूचा फोटो काढून तो कंपनीच्या दूरदेशीच्या मोठ्या कंप्युटरकडे पाठवायचा, त्याने मूळ फोटोशी ताडून उत्तर द्यायचं, अशी पद्धत होती. पण वर पत्रा, चहूकडे मालाचे डोंगर, आत नेटवर्क शून्य. बायका खोकं काखेत मारून फाटकापर्यंत जायच्या आणि फोन आभाळाकडे धरून उभ्या राहायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की काही व्रत चालू आहे.

मी केलं ते इतकंच. दूरच्या कंप्युटरला विचारायचंच नाही, आतल्या आत एकमेकींच्या फोनना विचारायचं. बायकांचे फोन साधे, जुने, काचा तडकलेले. एकट्याने एका साडीचा हिशेब करायचा म्हटलं तर धाप लागावी असे. पण फोटोचे तुकडे केले आणि एक तुकडा हिराच्या फोनने, एक तिच्या बाजूच्या बाईच्या, एक पलीकडच्या फोनने बघितला, तर उत्तर चुटकीसरशी मिळतं. मालाचे मूळ फोटोही एका फोनात मावत नाहीत, म्हणून प्रत्येकीच्या फोनात थोडे थोडे ठेवले, आणि प्रत्येक फोटो दोन ठिकाणी ठेवला, म्हणजे एखादी रजेवर गेली तरी अडत नाही. जवळ असलेल्या फोनांनी आपसांत बोलायचं, इंटरनेटचा संबंध नाही. ज्याची बॅटरी उतरली त्याला हलकं काम, जो तापला त्याला विसावा. या सगळ्याला मी 'शेजार' असं नाव दिलं. विरजण संपलं तर आपण शेजारी जातो, तालुक्याला जात नाही, असं बायकांना समजावलं, आणि ते त्यांना लगेच पटलं.

आता शेजार म्हटला की भरवशाचा प्रश्न आला. एखाद्या फोनची कोठी गाण्यांनी नि व्हिडिओंनी इतकी भरलेली असते की तो न बघताच उत्तर ठोकून देतो. म्हणून एकच तुकडा दोन फोनांना द्यायचा. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही तर तिसऱ्याला विचारायचं. जो सारखा एकटा पडतो त्याची पत उतरते. पत फारच उतरली की शेजार त्याला काम देणंच बंद करतो. बायका त्याला 'फोन बसला' म्हणायच्या. आणि नवा फोन जवळ आला की टोळीतल्या फोनांवर एक प्रश्न उमटायचा: 'या फोनवर विश्वास ठेवता का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. हा प्रश्न मी घडवलेला नव्हता, जगभर तो असाच विचारला जातो.

बरं चाललं होतं. मग बोगदा आला.

बोगदा हे नाव टोळीने दिलं. खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. सरकता पट्टा, वर झाकण, आत दिवे आणि कॅमेरे. एका तोंडातून वस्तू आत गेली की दुसऱ्या तोंडातून 'नवी' किंवा 'खराब' होऊन बाहेर. कंपनीचे साहेब घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता, बोलायचा गोड. त्याने शेठला सांगितलं की येत्या सोमवारी एक ट्रक उघडायचा, निम्मा माल बोगद्याने तपासायचा, निम्मा टोळीने. जो सरस ठरेल तो राहील.

शेठने ते टोळीला सांगितलं. हिराने फक्त विचारलं, "आनि आमी?"

"तुम्ही हरलात तर घरी, हिराबाय. माझा ठेकाही जाईल, मी काय तुम्हाला माझ्या पोटात ठेवू?"

हिराचं घर तिच्या एकटीच्या पगारावर उभं होतं, आणि टोळीतल्या निम्म्याहून अधिक बायकांची तीच कथा. भात गेलं होतं, मिठागरं गेली होती, आता गोडाऊनही गेलं तर अंजूरच्या बाईने जायचं कुठे? मला आतून फार भीती वाटली. ती मी कुणाला दाखवली नाही.

त्याच आठवड्यात आम्ही तालीम घेतली आणि शेजाराचं डोकं फिरलं. पट्टा तुटलेली चप्पल 'नवी' ठरली. कोऱ्या चादरीवर 'फाटकी' अशी लाल खूण आली. एका साडीचं उत्तर अर्धवटच आलं, पदराचा पत्ता नाही. शोधलं तर तो तुकडा एका ट्रकवाल्याच्या नि त्याच्या क्लीनरच्या फोनात गेला होता आणि दोघे माल उतरवून कधीच निघाले होते. आमच्या साडीचा पदर नाशिकच्या रस्त्याला लागला होता.

मी शेजारात कोण कोण आहे ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. ट्रकवाले होते, चहावाला होता, जेवणाच्या पिशवीतून आलेला कुणाचा तरी फोन होता. फाटकावरचा वॉचमन होता आणि त्याचा भाऊही होता. त्या दोघांच्या फोनची कोठी गच्च भरलेली, आणि दोघेही प्रत्येक प्रश्नाला 'चांगलं' एवढंच म्हणत होते. दोघांचं जुळत होतं, त्यामुळे दोघांची पत चढतच होती. असे दोन जण प्रत्येक गावात असतात.

"वॉचमनच्या फोनला 'हो' कुणी म्हटलं?" मी टोळीला विचारलं.

सगळ्यांनी म्हटलं होतं.

"त्यो समोर उभा व्हता," एक जण म्हणाली. "तोंडावर न्हाय कसा म्हनायचा?"

"आणि हा पिशवीतला?"

"माज्या नंदेच्या नवऱ्याचा हाय. न्हाय दाबला असता तं नंद माजी पायरी चढली असती का पुना?"

"इस्वास ठेवता का म्हनून इचारतो तुजा फोन," हिरा मला म्हणाली. "आता कोनाच्या मानसाला मी न्हाय म्हनू? कोनी सांगितलीय नसती भांडना?"

भीड ही भिकेची बहीण, असं माझे वडील म्हणायचे. इथे ती सगळ्या टोळीला भिकेला लावायला निघाली होती.

शेठ हिंदीत गेले. "ताला लगाओ मॅडम. मेरी मर्ज़ी के बिना एक भी फोन अंदर नहीं." म्हणून टोळीतले तेवढे फोन नेमून दिले, बाकीच्यांना दार बंद केलं. दुसऱ्या सकाळी नेमलेल्यांपैकी निम्मे फोन आलेच नाहीत. एक मुलाबरोबर परीक्षेला गेला होता, एक नवऱ्याबरोबर ड्युटीवर, एक भिवंडीत दुरुस्तीला. बायका हजर होत्या, पण हातात बहिणीचा नाही तर दिराचा फोन, आणि त्याला शेजारात शिरकाव नाही. आमच्याकडे घरात माणशी फोन नसतो. फोन घराचा असतो, ज्याला गरज त्याने न्यायचा. उरलेल्या मूठभर फोनांवर एका चादरीचं उत्तर येईस्तोवर चहा निवला. कुलूप उघडं ठेवावं तर गोंधळ आणि घालावं तर उपास, अशी गत झाली.

त्याच दिवशी शबनम कामाला आली. नवऱ्याचा लूम बंद पडला होता. आधी ती कारखान्यात कापडाचे ताके तपासायची, एक तार सुटली तरी तिच्या बोटांना कळायची. शेठ तिच्याकडे बघून हिराला म्हणाले, "हिला कुणी आणली?"

"मी," हिरा म्हणाली. "हिचा बोल मना."

म्हणजे हिच्याकडून चूक झाली तर बोलणी मला बसू देत. आमच्याकडे टोळीत शिरायचं ते असंच. कुणीतरी पुढे होऊन 'मी आणली' म्हणायचं, आणि मग तिच्या कामाचा बोल त्या बाईला. शेठने मान हलवली आणि शबनम हिराच्या शेजारी बसली. इतक्यात डबा द्यायला आलेली हिराची सख्खी भाची रोशनी मागून म्हणाली, "मावशी, मना पन घे ना कामावर."

"तुना न्हाय," हिरा वळूनही न बघता म्हणाली. "तुजे हात कामावर नि डोला आरशावर."

सगळ्या हसल्या, रोशनीसुद्धा हसली. मी मात्र जागच्या जागी थांबले. कुलूप लागेपर्यंत रोशनीचा फोन शेजारात होता. हिरानेच 'हो' म्हटलं होतं.

"हिरे," मी म्हटलं, "भाची नको, आणि भाचीचा फोन चालतो?"

"फोनचा काय? त्याला नुसता हो म्हनायचा व्हता."

तेव्हा मला उमगलं. 'विश्वास ठेवता का' असं विचारलं तर आमच्याकडे उत्तर एकच, कारण नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. पण 'हिला कुणी आणली' असं विचारलं तर भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्यात नकार कुणालाच द्यावा लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. मी जन्माची अंजूरची, हे मला उपजत ठाऊक होतं. फोनला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते सांगणं हेच तर माझं काम होतं.

त्या दुपारी मी प्रश्न बदलला. नवा फोन आला की आता पडद्यावर उमटायचं: 'हा फोन कुणी आणला?' खाली बटण एकच, 'मी आणला'. कुणीच दाबलं नाही तर फोन बाहेर. दाबलं तर आणणारीचं नाव त्याला चिकटलं. त्याने चुका केल्या तर त्याच्याबरोबर तिच्याही फोनची पत उतरणार. शिवाय एकीनेच आणलेले दोन फोन एकमेकांची साक्ष देऊ शकणार नाहीत. शेठने हे ऐकलं आणि हिंदीतून मराठीत आले. "अब्बांच्या कारखान्यात हेच होतं," ते म्हणाले. "नवा कारीगर आला की पहिला सवाल, किसने लाया? आणि जो लाया, त्याच्याच बाजूचा लूम त्याला द्यायचे. खडखड झाली की आधी त्याच्या कानावर पडायला पाहिजे."

मग शेठचं कुलूप काढलं आणि सगळे फोन एकदा बाहेर काढून नव्याने विचारलं. वॉचमनचा फोन आला. सगळ्या बायका अचानक कामात गढून गेल्या. कुणी साडीची घडी घालत होती, कुणी आधीच घातलेली मोडून पुन्हा घालत होती. वॉचमन बिचारा थोडा वेळ उभा राहून फाटकावर गेला. त्याने पुढे आठवडाभर माझी गाडी आत सोडताना सगळी कागदपत्रं तपासली, ते मी सोसलं. नणंदेच्या नवऱ्याचा फोनही राहिला, आणि नणंदेला कुणी नाही म्हटलंच नव्हतं, त्यामुळे ती रागावणार कुणावर? हिराच्या मुलाचा नवाकोरा, मोठा, महागाचा फोन आला, तर हिरानेच हात मागे घेतला. "गेम खेलून खेलून तव्यासारा तापतो. त्याचा बोल मी कनाला घेव?" चहावाल्याच्या फोनला मात्र दोघींनी एकदम 'मी आणला' म्हटलं. जुना होता, काच फुटलेली होती, पण त्याचं एकही उत्तर आजवर चुकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत शेजार आटोपशीर आणि शहाणा झाला.

सोमवार उजाडला. आमच्या भागात लूमवाले दसऱ्याला लूमची पूजा करतात, शेतकरी औताची. हिराने त्या सकाळी फोनांची केली. सगळे फोन पालथे मांडून एकेकाला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. शबनमने आपला फोन पुढे केला नाही, हिरानेही मागितला नाही. शबनमने बिस्मिल्ला म्हणून तो चालू केला, आणि ट्रकचं दार उघडलं.

पहिल्या प्रहरी बोगद्याने आमची दमछाक केली. बूट, खोकी, डबे, हे तो दाणे टिपल्यासारखं टिपत होता. साहेबांसाठी भिंतीला मोठा पडदा लावला होता, त्यावर दोन्हीकडचं काम दिसायचं, आणि बोगदा पुढे होता. शेठ पडद्याकडे पाठ करून उभे होते.

कपड्यांची गाठोडी सुटली तसं आमचं काम पळायला लागलं. पण तेवढ्यात एका फोनची उत्तरं सारखी एकटी पडू लागली. कुठलाही कपडा दाखवा, तो म्हणे 'पिवळा डाग'. पांढरा सदरा, पिवळा डाग. निळी चादर, पिवळा डाग. दुसरे दोन फोन प्रत्येक वेळी त्याला खोटं पाडत होते. त्याची पत पडद्यावर सगळ्यांच्या देखत उतरत गेली, आणि अखेर तिथे मोठ्या अक्षरांत उमटलं: 'हिराचा फोन बसला'.

मुकादमाचाच फोन. साहेबांनी चष्मा वर केला. शेठ माझ्या कानाशी आले. "मॅडम, दबा दो. सबके सामने बेइज़्ज़ती है. एक बटणाचं काम आहे ना?"

एका बटणाचंच काम होतं. माझं बोट तिथवर गेलंही. हिराने ते पाहिलं.

"हात लावू नको, शैले," ती म्हणाली. "वॉचमनचा फोन भायेर रायला तवा मी हसली व्हती."

तिने फोन उपडा करून बाजूला ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी कपडे बघत, घड्या घालत राहिली. काम अडलं नाही. तिच्याकडचे मूळ फोटो दुसऱ्या फोनांतही होते, त्यांनी तिचा वाटा उचलला. पण तिचा चेहरा मला बघवेना. ज्या टोळीत बहुतेक जणींना तिनेच आणलं होतं, त्या टोळीत त्या घडीला ती कुणीच नव्हती.

चहाच्या सुटीत तिने फोन उजेडात धरला. मागे कॅमेऱ्याच्या भिंगावर हळदीचा लपका होता. बाकीच्या फोनांना तिने जपून टिळा लावला, स्वतःच्या फोनला मात्र घाईत उरलेलं बोट पुसलं होतं. पदराने तिने भिंग पुसलं आणि फोन पुन्हा शेजारापाशी आणला. टोळीतल्या सगळ्या फोनांवर आणि भिंतीवरच्या पडद्यावरही प्रश्न आला: 'हा फोन कुणी आणला?'

कुणी हललं नाही. त्यात दुष्टावा नव्हता. त्या दिवशी प्रत्येकीच्या फोनची पत म्हणजे प्रत्येकीच्या घरची चूल होती. पुसलेलं भिंग खरंच पुसलं गेलं आहे का, हे कुणाला ठाऊक? हिराने कुणाकडे बघितलं नाही, आणि तेच बरं केलं.

मग शबनम उठली. तिने हिराच्या हातून फोन घेतला, भिंगावर फुंकर मारली, ओढणीच्या कोरड्या टोकाने पुन्हा पुसलं. एक पांढरा सदरा पसरून फोटो काढला, नीट निरखून पाहिला. तेव्हा कुठे आपल्या फोनकडे वळून बटण दाबलं. "अब साफ़ है, ताई," ती म्हणाली. "मी आणला."

टोळीत येऊन आठवडाही न झालेली बाई आपल्या मुकादमाला आत घेत होती. साहेबांनी पुढे येऊन मला विचारलं, "मुकादमाला बाहेर काढलं कोणी?"

"तिच्या फोनच्या शेजाऱ्यांनी."

"आणि आत घेतलं?"

"शेजारणीनेच."

त्यांनी बोगद्याकडे बघितलं. त्याच्या काचेवर हळद पडली असती तर ते त्याला कुणी सांगितलं असतं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, मीही विचारला नाही.

जेवणानंतर माल अदलून-बदलून तपासायचा होता. बोगद्याने 'नवा' म्हटलेला ढीग आमच्याकडे आला. त्यात एक शालू होता, जरीचा, डाळिंबी, घडी अशी की आत्ताच दुकानातून उतरला आहे. शेजाराने उत्तर दिलं, 'डाग नाही, पण घडी मूळची नाही, खात्री करा'. शबनमने काठावरून बोटं फिरवली आणि निऱ्यांच्या जागी थांबली. "पहनी हुई है," ती म्हणाली. हिराने शालू दोन्ही हातांनी धरला आणि साहेबांच्या पुढ्यात झटकला.

अक्षता पडल्या. लाल कुंकवात भिजवलेले तांदूळ, चांगले मूठभर, साहेबांच्या बुटांवर नि आजूबाजूला. परतीचं कारण लिहिलं होतं, 'उघडून पाहिली नाही'.

आधी हिराच हसली, मग सगळी टोळी, मग शेठ. शेवटी साहेबही खाली बघत हसले आणि म्हणाले, "निदान लग्न तरी लागलं."

संध्याकाळी दोन्ही ढीग हाताने उघडून पाहिले. बोगद्याच्या चुका गाठोडंभर निघाल्या, आणि त्या प्रत्येकीवर त्याने ठाम शिक्का मारलेला होता. आमच्याही दोन-तीन निघाल्या, पण त्यांवर शेजाराने आधीच 'खात्री नाही' असं लिहून ठेवलं होतं. निकाल साहेबांनी तिथेच सांगितला. बोगदा बूट आणि खोकी बघेल. कपडा टोळीकडे राहील, आणि कंपनीच्या दुसऱ्या गोडाऊनांतही शेजार बसवायचा. तिथल्या बायकांना तो शिकवायला हिराने जायचं. शेठने बिर्याणीची डेग चढवली. सोमवार म्हणून निम्म्या बायका बिर्याणीकडे बघत वरणभात जेवल्या, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवली.

आता ठिकठिकाणच्या गोडाऊनांत तो प्रश्न पडद्यावर उमटतो. कुठे त्याचा हिंदी झाला आहे, कुठे गुजराती. हिरा शिकवायला जाते आणि दर ठिकाणी पहिल्यांदा सांगते की फोनची पूजा करायची तर पुढून करा. एक खंत मला आहे. आई हे बघायला नव्हती. आमच्या शेजारणीला तिने काय उत्तर दिलं असतं, ते ऐकायचं राहून गेलं.

मी निवृत्त झाले त्या दिवशी शेठने मला नवा फोन भेट दिला. चांगला होता, माझ्या ऐपतीच्या वरचा. जुन्या फोनमधलं सगळं त्यात घातलं आणि टोळीचा निरोप घ्यायला आत गेले. गोडाऊनच्या मध्यावर पोहोचले तोच सगळ्या जणींचे फोन एकदम वाजले. प्रत्येकीच्या पडद्यावर आलं: 'हा फोन कुणी आणला?'

मी हसले. कुणीच हसलं नाही. नवा फोन, पत नाही, आणि मी टोळीतली नव्हे. नियम मीच घातलेला. मी तिथे उभी राहिले, आणि वॉचमनला त्या दिवशी कसं वाटलं असेल ते मला नेमकं कळलं.

हिराने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने तो उलटा करून उजेडात धरला, भिंगावर फुंकर मारली, पदराच्या टोकाने पुसलं. एक चादर पसरून फोटो काढला आणि शबनमला दाखवला. शबनमने मान डोलावली. मग हिराने आपल्या फोनवर बोट टेकवलं आणि सगळ्या गोडाऊनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आनला. हिचा बोल मना."